भरती बारा चाळीसची

दीप्तीच्या प्रबंधाला साठ पेशंट हवे होते आणि एकोणसाठ झाले होते. साठावे खारदांड्याच्या कोळीवाड्यातले हरेश्वरकाका. त्यांचं मणक्याचं ऑपरेशन आज सकाळी नऊला आणि प्रबंध द्यायची शेवटची तारीख उद्या. भूल द्यायला शिकणाऱ्या त्या पोरीला बोरिवलीच्या अख्ख्या हॉस्पिटलात काकांइतकं जवळचं कोणी नव्हतं.

विषय तसा सरळ होता. पाठीच्या ऑपरेशनला माणसाला भूल देऊन पालथं निजवतात. मग प्रेशर पडलं, तर सलाईन जास्त सोडायचं का? काहींना त्याने उभारी येते, काहींच्या अंगावर नुसती सूज चढते. कोणाचं काय होईल हे आधीच ओळखायची एक युक्ती दीप्ती तपासून बघत होती. आदल्या संध्याकाळी तिने ती काकांना त्यांच्याच भाषेत समजावली.

"श्वास म्हणजे भरती-ओहोटी, काका. मशीनने एक मिनिट भरती मोठी करायची आणि नाडी किती हलते ते बघायचं. जास्त हलली तर पाणी द्यायचं."

"म्हंजे उधान आनून बघनार. कललं," काका म्हणाले.

त्यांच्या बायकोला, मंजुळामावशींनाही कळलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

सकाळी सातला खालच्या ऑफिसातून नोंदणी कारकून सहदेवचा वॉर्डात फोन आला. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गुंतलेली, म्हणून तो मावशींनी उचलला. सहदेवचे आजोबा मालवणचे, पण तो वाढला चारकोपला. भरती म्हणजे पेशंट दाखल करणं, एवढंच त्याला ठाऊक.

"हरेश्वर यांची भरती कधीची?"

"आजची ना? काल पुनव झाली. बारा चालीस."

सहदेवने दुपारचे बारा चाळीस टाकले. जो पेशंट अजून आलाच नाही, त्याचं नाव कॉम्प्युटरने ऑपरेशनच्या यादीतून उडवलं आणि नऊची वेळ कोणाच्या तरी पित्ताशयाला मिळाली.

दीप्ती धावत खाली आली. "सहदेव, वाट लागली ना माझी! काका कालपासून वर झोपलेत!"

घाबरला की सहदेव मालवणीत शिरायचा. "बायन सांगल्यान, मी लिवलंय. आता आधी डिस्चार्ज टाकूक व्हयो, मगे परत भरती."

डिस्चार्ज पडला आणि वर सिस्टरने काकांच्या हातातली सुई काढली. दीप्ती पोचली तेव्हा काका पँट चढवून लिफ्टपाशी उभे होते. चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद.

"काका, निघालात कुठे?"

"घरा. सिस्टर बोलली, सोरलं."

त्यांना मागे फिरवणं, नवी सुई, नवे फॉर्म, सर्जनची मनधरणी. या धावपळीत दीप्तीचा चहा राहिला, नाश्ता राहिला, पाणीसुद्धा राहिलं. थिएटर मोकळं झालं तेव्हा घड्याळात बरोबर बारा चाळीस झाले होते.

"मी बोलले व्हते," मावशी म्हणाल्या.

काकांना पालथं निजवलं. दीप्ती मॉनिटरसमोर वही उघडून बसली. प्रेशर एकशे वीस. अर्ध्या तासाने एकशे वीस. प्रेशर पडल्याशिवाय युक्ती वापरणार कुठे? काका तीन तास एकशे वीसवर ढिम्म. आपण चक्क पेशंटचं प्रेशर पडायची वाट बघतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पेशंट उत्तम," तिचे सर, डॉक्टर सुबोध, मागून म्हणाले. "प्रबंधाला मुदतवाढ माग."

ती बाहेर आली. मावशी ताडकन उठल्या.

"झालं, मावशी. काका झकास आहेत," एवढं ती बोलली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आली तेव्हा ती बाकावर उताणी होती, पाय मावशींच्या फुगलेल्या पिशवीवर.

"उठ, पी पयलं. सकालपासून बघतंय, पोरीच्या तोंडात पान्याचा थेंब नाय."

मावशींनी तिला टेकून बसवलं. पेलाभर पाण्याने तिच्या चेहऱ्यावर रंग आला. सरांनी तिची नाडी धरून पाहिली.

"छान उभारी आली की! साठावा पेशंट मिळाला होता, दीप्ती. पण तू पडलीस उताणी."

दीप्तीला हसू आवरेना. "मावशी, पाणी द्यायचं हे तुम्ही ओळखलंत कशावरून?"

"त्यान काय ओलखायचं? तोंड बघ तुझं, सुकलंय."

दीप्तीने रिकामा पेला पुन्हा पुढे केला.