दफ्तरशुद्धीची बखर

श्रीगजानन. प्रथम रुमालांचे गांठीस नमन, मग ती सोडणारांचे बुद्धीस दुरूनच नमस्कार. शके सोळाशें चौऱ्यायशीं, चित्रभानु नाम संवत्सरीं एक राज्य होतें. तेथें रीत ऐसी कीं, महाराजांनीं नित्य पुसावयाचे सवाल एकवार लेहून ठेविले होते. प्रातःकाळीं कारकुनांनीं सवाल काढावा आणि त्यास लागेल तो कापडांत बांधिलेल्या कागदांचा रुमाल सोडून उत्तर लिहावें आणि हुजुरीं ठेवावें. रुमाल न सांपडला तरी उत्तरावांचून उभें राहणें बेअदबी, सबब 'निरंक', म्हणजे कांहीं नाहीं, ऐसें लिहावें आणि मग पुढील सवालास लागावें. कोण्या सवालास कोणता रुमाल लागतो, हें एका वृद्ध दफ्तरदार निळोजी रंगनाथ यांसच ठाऊक, तेंही तोंडपाठ.

मग नवे कारभारी अंताजीपंत आले आणि दफ्तरांत धूळ पाहून शिंकले आणि हुकूम केला कीं, वर्षांत ज्या रुमालाचें नांव कोणी घेतलें नाहीं तो हमामखान्याचे चुलीस द्यावा. निळोजी पुढें जाहले. हात जोडून बोलिले, "पंत, रुमाल कोणी नांवानें मागत नाहीं, सवाल मागतो. एक महिना द्यावा. कोणास काय लागतें याची यादी करितों, मग खुशाल जाळा."

पंत हंसून म्हणाले, "यादी कशास? तुम्ही आहांतच कीं."

छप्पन्न रुमाल जळाले आणि पंतांचें स्नान कढत पाण्यानें यथासांग जाहलें. त्यांतच किल्लेदारांचे पत्रांचा रुमाल गेला. दुसरे दिवशीं सवाल निघाला, कोण्या किल्ल्यांत दाणा सरला? उत्तर, निरंक. महाराज संतोष पावले आणि पंतांस शाल दिधली. निळोजींचे धाकटे बंधु विसाजी केतकगडीं किल्लेदार. त्यांचें दाण्याविषयीं पत्र निळोजींनीं स्वहस्तें त्याच रुमालांत बांधिलें होतें. निळोजी पंतांकडे धांवत गेले. पंतांनीं लेखी उत्तर दाखविलें आणि लेखी असतां तोंडी कशास, म्हणोन वाटेस लाविलें. मग गडावरून आणखी तीन पत्रें आलीं. बांधावयास रुमाल नाहीं, सबब कारकुनांनीं तीं खिडकींत ठेविलीं आणि रोज निरंक लिहिलें, अक्षर मात्र सुरेख. निळोजी भाकर सोडून यादी लिहीत बसले आणि तरणे कारकून त्यांस हंसत.

एकविसावे दिवशीं यादी पुरी जाहली आणि निळोजी ती घेऊन दरबारीं आले, तों विसाजी काठी टेंकीत दारीं उभे. भावानें भावास ओळखावयास दोन पळें लागलीं. पंत म्हणाले, "दफ्तरीं तर कोण्याही गडीं तोटा नाहीं. गडावर माणूस किती?"

विसाजी बोलिले, "तीनशें होतें, पंत. कांहीं उतरलें, कांहीं भुकेनें तेथेंच राहिलें. आतां तुमचे कागदीं आहे तितकेंच."

महाराज बहुत कष्टी जाहले आणि आज्ञा केली कीं, दफ्तरांतून काय जळालें हा सवाल आजपासोन नित्य पुसावा. कारकुनानें निळोजींचे हातींची यादी घेतली नाहीं. रुमाल शोधिला, न सांपडला, आणि बाकदार अक्षरांत उत्तर लिहून हुजुरीं ठेविलें. निळोजींनीं तें वाचिलें आणि भर दरबारीं रडले.

येणेंप्रमाणें दफ्तर शुद्ध जाहलें. गड ओस पडला, रीत कायम राहिली.