दांडीवरचे पन्नास किलो

गाडीमागे ट्रेलर सुरक्षित कसा जोडावा, हे अख्ख्या पिंप्राळ्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! असं माझं ठाम मत होतं. त्या शनिवारी सकाळी साडेअकरापर्यंत होतं.

मी ललित. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट तोलल्याशिवाय मला चैन पडत नाही. तशी तोलूनही पडत नाही म्हणा. गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यातून तीनदा परत फिरतो. माझी बायको पुनम म्हणते, "लोकांच्या अंगात मुंग्या येतात, तुमच्या अंगात वारूळच आहे!"

ट्रेलरचं खूळ डोक्यात शिरलं ते लेकीमुळे. डिसेंबरात ती शाळेच्या सहलीला निघाली आणि बॅग भरता भरता आईला म्हणाली, "मम्मी, तू कुठे कुठे गेलीयेस सहलीला?"

पुनम बोटं मोजायला लागली. "नाशिकला गेलो, काकांकडे. पुण्याला गेलो, तुझ्या आत्याकडे. शेगावला गेलो तेव्हा अकोल्याला मामांकडे उतरलो..." तिसऱ्या बोटावर ती थांबली. "अगं बाई! मी सहलीला गेलेलेच नाही. मी चौदा वर्षं वेगवेगळ्या गावांत जाऊन भाकरी थापतेय!"

बोलली हसत, पण मला ते फार लागलं. त्याच क्षणी मी जाहीर केलं, "एक रात्र! कुणाच्याही घरी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या स्वतःच्या खोलीत, चाकं लावलेल्या!"

"शब्द?"

"शब्द!"

धुळ्यात जीवराम मिस्तरी म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा माणूस आहे. त्याला मी व्हिडिओ दाखवून दाखवून इतकं भंडावलं की शेवटी सुटका व्हावी म्हणून त्याने ट्रेलर बनवून दिला. दोन चाकं, दहा फूट लांबी, आत दोघांपुरता पलंग, शेगडी, बाजूला खिडकी आणि मागे दार. पुढे लांब दांडी, ती आमच्या व्हॅनच्या मागच्या हुकात अडकवायची. शिवाय वर एक जाड साखळी. समजा हूक निसटलाच, तर साखळी ट्रेलरला सोडणार नाही. कागदपत्रं पूर्ण, ब्रेकचे दिवे पेटतात, इंडिकेटर लागतो. आणखी काय पाहिजे?

ट्रेलर दारात उभा राहिल्याबरोबर समोरचे सोहनलालजी आले. किराणावाले. सगळीकडून फिरून पाहिलं आणि हळूच विचारलं, "ललितभाऊ, काय विकणार? कचोरी?"

"विकणार नाही हो! यात राहणार!"

"हां हां," ते म्हणाले, "पण अंडं-बिंडं ठेवू नका हं."

मग आमचे आबा बाहेर आले. माझे वडील. मूळचे धुळ्याकडचे, उभा जन्म बैलगाडी हाकलेली. त्यांनी ट्रेलर पाहिला, चाकं पाहिली, दांडी हाताने उचलून पाहिली. म्हणाले, "दोनच चाकं शेतस. मांगे वजन नको टाकजो. गाडी उलाळ व्हई जाई."

उलाळ म्हणजे मागून जड. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त माल पडला की पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पण आबांना कोण समजावणार?

"आबा, ही बैलगाडी नाही. याचं शास्त्र वेगळं असतं! ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा पुढे दांडीवर पडला पाहिजे. मागे भार गेला की ट्रेलर डोलायला लागतो."

आबांनी दांडी खाली ठेवली. "मंग मी काय सांगी ऱ्हायनू?"

मी दुर्लक्ष केलं. ट्रेलरचं वजन सामानासकट पाचशे किलो, म्हणजे दांडीवर पन्नास हवेत. दांडीखाली घरातला वजनकाटा ठेवला. पाण्याचा कॅन पुढे सरकवला, सत्तेचाळीस. गॅसची टाकी पुढे घेतली, त्रेपन्न! कॅन मागे. टाकी मध्ये. शुक्रवारी संध्याकाळी चारला बसलो होतो, साडेसातला पुनमच्या जाड चपला पुढच्या कप्प्यात टाकल्या तेव्हा काटा बरोबर पन्नासवर आला. मला तर रडूच आलं! कप्प्यावर मी चिठ्ठी डकवली, 'पुढच्या सामानाला कुणीही हात लावू नये.'

"मग मी पायात काय घालू?" पुनमने विचारलं.

"शास्त्र आहे ते!"

ती स्लीपरवर निघाली.

शनिवारी सकाळी लेकीला आबांवर सोपवलं आणि नारळ फोडून आम्ही दोघं निघालो. नशिराबादला उतरून हूक पाहिला. पुढे एका पेट्रोल पंपावर साखळी पाहिली. भुसावळच्या अलीकडे उगीचच टायरला लाथ मारून पाहिली. चौथ्यांदा उतरलो तेव्हा पुनम म्हणाली, "अहो, चालतच जायचं होतं ना, इतकं उतरायचंच होतं तर!" पण तिचा चेहरा खुलला होता. खिडकीतून वारा घेत होती, गुणगुणत होती. चौदा वर्षांत तिला असं बघितलं नव्हतं, आणि त्यामुळे माझी धाकधूक आणखी वाढली.

भुसावळात चहाला थांबलो, तर तिथे नेमका माझा चुलतभाऊ किरण उभा! "अरे ललित! कुठे? आणि हे काय, पावभाजी?" त्याला समजावेपर्यंत त्याने भरताच्या वांग्यांचं पोतं आणून उभं केलं. आता दिलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडे सोय आहे का? नाही म्हटलं तर पुढची तीन लग्नं त्यावर बोलणं होतं. पोतं मी मागच्या दाराशी ठेवलं. पुढचं मोजलेलं होतं ना!

किरणने पोतं दिलं आणि वर आणखी एक उपकार केला. पुनमच्या मावशीला फोन. यावलच्या पुढे पुनमच्या पुष्पामावशीचं गाव लागतं, घर अगदी रस्त्यावर. तिथून मान खाली घालून सटकायचं असं आमचं ठरलं होतं. पण दहा फुटांचा पांढरा खोका मान कशी खाली घालणार? आणि मावशी तर रस्त्याच्या मधोमध उभी!

"काय वो पुनम! मावशीच्या दारावरून चालली, न आवाजबी नाही?"

"मावशी, थांबायचं नाहीये. आमचा मुक्काम पुढे आहे," पुनम घाबरून म्हणाली.

"नको थांबू ना माय! पण खाली हातानं कशी जाशील?"

मावशीच्या मागून तोतारामनाना आले, म्हणजे मावशीचे यजमान. त्यांच्या मागून दोन गडी. गड्यांच्या खांद्यावर केळीचे चार घड. मग ज्वारीचं कट्टं, म्हणजे चांगलं अर्धं पोतं. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा, आणि बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, एवढी मोठी पिशवी! मी मनातल्या मनात बेरीज करत होतो आणि तोंडाने "कशाला, कशाला" म्हणत होतो.

नानांनी तर सरळ विचारलं, "जावईबापू, पुढी ठेवू का सगळं?"

आणि मी, शास्त्राचा जाणकार, काय म्हणालो? "नाही नाही नाना! पुढचं सगळं मोजून ठेवलंय, त्याला हात नका लावू. मागेच टाका!"

नानांनी एकदा दांडीकडे पाहिलं. पण जावयाला उलट कोण बोलणार? त्यांनी टाकलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

गावाबाहेर पडलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्ता मोकळा. मी वेग थोडा वाढवला. पुनम म्हणाली, "अहो, आपली गाडी नाचतेय का?"

"रस्ता खराब आहे."

"रस्ता तर गुळगुळीत आहे!"

आरशात पाहिलं. ट्रेलर उजवीकडे दिसत होता. मग डावीकडे. मग परत उजवीकडे! व्हॅनचा मागचा भाग कुणी वर उचलतंय असं वाटलं, हातातलं स्टिअरिंग हलकं झालं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो, फक्त पाय अलगद उचलायचा असतो, हे मला तोंडपाठ होतं. मी कचकन ब्रेक दाबला!

खाड! हूक उचकटला, दांडी आभाळाकडे गेली, ट्रेलरचं बूड बागेच्या चारीत, म्हणजे पाण्याच्या पाटात, बसलं आणि साखळीने आम्हाला कुत्र्यासारखं जागच्या जागी ओढून धरलं. सगळं शांत. मी पुनमचा हात घट्ट पकडला. "लागलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. मग मागे वळून तिने आभाळाकडे गेलेली दांडी पाहिली. "सहल झाली वाटतं."

इतक्या हळू बोलली की मला त्यापेक्षा शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

समोरून केळीच्या क्रेटचा ट्रॅक्टर आला. चालवणारा नानांचा शेजारी लोटन. खाली उतरून त्याने बघितलं. "भाऊ, काय इकता तुम्ही?"

"काही नाही विकत!"

"मंग बरं झालं, नुकसान नाही." त्याने दांडी खाली दाबली, सोडल्याबरोबर ती परत वर. "उलाळ झाली."

माझा हूक वाकडा झाला होता, व्हॅनला ट्रेलर लागेना. लोटन म्हणाला, ट्रॅक्टरमागे बांधून नानांकडे नेऊ. सामान पुढे घ्यावं तर दार मागे, आणि दार चारीच्या मातीत दाबलेलं. "पुढी वजन पाह्यजे," तो म्हणाला आणि त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझं वजन ब्याऐंशी आहे. "चढा भाऊ."

व्हिडिओत हे कुठेच नव्हतं! पण चढलो. दांडीवर पाय सोडून बसलो आणि ट्रेलर बरोब्बर समतोल झाला. माणूस चालेल त्या वेगाने आमची वरात निघाली. पुढे ट्रॅक्टर, मध्ये मी, मागे व्हॅन चालवत पुनम, आणि रस्त्याच्या कडेला केळी तोडणारी माणसं काम सोडून उभी. तेवढ्यात फोन वाजला. आबा!

"उलाळ व्हयनी ना?"

"थोडी."

"मंग पुढे काय ठेवं?"

"मीच बसलोय."

"बराबर शे," आबा म्हणाले. "आते तुना काहीतरी उपयोग व्हयना." आणि ठेवून दिला.

नानांच्या अंगणात ट्रेलर विटा लावून सरळ उभा केला. दार उघडलं, घड, कट्टं, पिठाचा डबा, सगळं जिथून आलं तिथे परत गेलं. वर किरणची वांगीही मावशीच्या घरात गेली. बघायला अर्धं गाव. कुणी पलंग दाबून बघतंय, कुणी "चहा केवढ्याला?" विचारतंय. दिवस कलायला लागला आणि मावशी पदर खोचत म्हणाली, "पुनम, चल वो माय, हातपाय धू. वांगे भाजते मी, तू भाकरी टाक. पंधरा-वीस तर पाह्यजेच."

पुनमने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पायातल्या स्लीपरकडे पाहिलं. शब्द दिला होता मी तिला! एक रात्र, कुणाच्याही घरी नाही.

ती ट्रेलरमध्ये चढली, चिठ्ठी फाडली, पुढच्या कप्प्यातून आपल्या चपला काढल्या. दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मग खिडकी चार बोटं उघडली.

"मावशी, मी इथे नाहीये. मी सहलीला गेलेय."

मावशी खिडकीपाशी गेली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, आवाज एकदम मऊ झाला. "कधी येशील वो?"

"उद्या दुपारी."

"जाय माय," मावशी म्हणाली. "मीबी कधी नाही गेली." आणि माझ्याकडे वळून, "जावईबापू, मंग भाकरी कोन टाकते?"

परातीसमोर मी वजनकाटा मागितला, मिळाला नाही. पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा नानांनी ती हातात घेऊन डोळ्यांसमोर धरली. एका बाजूने पापड, दुसऱ्या बाजूने वीट. "हेबी उलाळ हाये," ते म्हणाले.

त्यातल्या त्यात बऱ्या दोन आणि भरीत घेऊन मी ट्रेलरपाशी गेलो आणि खिडकीवर टकटक केली. पुनमने ताट आत घेतलं. भाकरी उलटून पाहिली, परत सुलटून पाहिली.

"कुणी केल्या?"

"मी."

"मग मी परवा येते," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

पंधरा भाकऱ्या अजून बाकी होत्या.