मामांचं एकुलतं एक क्रियापद

"या खेपेला व्याह्यांशी मी बोलणार! तेही त्यांच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये! आणि त्याला मला एकच क्रियापद पुरे आहे!"

मामांनी एका गिऱ्हाइकाचे केस कापता कापता हे जाहीर केलं तेव्हा मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"लेकीच्या लग्नात बोललात तेवढं पुरे नाही का झालं?"

लग्नात मामा बोलले होते, हे खरं. विहीणबाईंनी बाथरूम कुठे आहे असं विचारलं आणि मामा छातीवर हात ठेवून "थँक्यू" म्हणाले. त्यांनी जरा घाईने पुन्हा विचारलं. मामा जास्तच आदराने पुन्हा "थँक्यू" म्हणाले! शेवटी लेक धावत आली आणि विहीणबाईंना घेऊन गेली.

मामा म्हणजे सगळ्या गल्लीचे मामा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं सलून, एक खुर्ची आणि एक आरसा. गिऱ्हाईक बसलं की मामांची जी टकळी सुरू व्हायची ती पावडरचा ब्रश फिरेपर्यंत. पण सगळी मदार कैचीवर! कैची चालली तर जीभ चालणार, कैची थांबली की बोलती बंद. जेवताना हा माणूस मुका. मामींना मागणी घातली तीसुद्धा त्यांच्या वडिलांचे केस कापताना, आणि वडील बिचारे मानेवर वस्तरा असताना नाही कसं म्हणणार!

स्पॅनिश शिकवणारे मास्तर दाढी कोरायला सलूनमध्येच यायचे. मामांनी त्यांना गाठलं.

"आधी नमस्कार, कसे आहात, एवढं शिका," मास्तर म्हणाले.

"ते नको. मला भूतकाळ द्या."

"एकदम भूतकाळ?"

"मास्तर, माझी लेक आज कशी आहे ते त्या लोकांना रोज दिसतं. काल कशी होती ते त्यांना कोण सांगणार? ते फक्त माझ्यापाशी आहे."

मास्तर आरशातल्या मामांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फ्वे. म्हणजे गेला, गेली. ती शाळेत गेली, फ्वे. आणि तोच शब्द होता, होती यासाठीही चालतो. दिवस छान होता, तरी फ्वे. पुढचे शब्द ऐकले की कुठला अर्थ ते कळतं. स्वतःबद्दल बोलायचं तर फुई, मी गेलो."

मामा हरखले. दोन कामांना एक शब्द! इतकी काटकसरी भाषा आपल्याला आधी कुणी का सांगितली नाही? त्यांनी लगेच वाक्य केलं, "माझी लेक हट्टी फ्वे!"

"तिथे एरा," मास्तर म्हणाले. "एकदा घडून संपलं ते फ्वे. बराच काळ चालू होतं ते एरा."

मामा विचारात पडले. "मग तिचं लहानपण कशात घालायचं? तिच्या लेखी ते कधीच संपलं. माझ्या लेखी अजून चालूच आहे."

हा प्रश्न मास्तरांना कुठल्याही वर्गात कुणी विचारला नव्हता. ते उदाहरणं देत राहिले, मामा विचार करत राहिले, आणि दोघं भानावर आले तेव्हा मास्तरांची दाढी फ्वे झाली होती. हनुवटी पार गुळगुळीत!

खरी पंचाईत पुढे झाली. मामांनी गिऱ्हाइकांवर सराव सुरू केला. मराठीत एक वाक्य बोलायला कैचीचे दोन फटके लागायचे, स्पॅनिशमध्ये शब्द शोधायलाच दहा! जीभ अडली तरी हात चालूच. पोस्टमन नुसते कानावरचे केस कमी करायला आला आणि एका सहलीच्या वर्णनात त्याची झुलपं गेली. मुलाखतीला निघालेल्या एका तरुणाचा भांग मामांच्या एका चुकीत गेला, आणि चूक दुरुस्त करताना उरलेलं सगळं. आठवड्याभरात गल्ली अशी दिसू लागली की जणू इथे सैन्यभरती झालीय!

"अहो, बास करा आता," मामी म्हणाल्या. "लोक डोक्याला रुमाल बांधून दारावरून जातात."

मामा कैची चालवतच म्हणाले, "जाऊ देत. केस परत येतात. व्याही परत कधी येतील ते सांग."

पाहुणे एका दिवसासाठी येणार होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही काही बोलायचा प्रयत्न करू नका हं. नुसतं हसा. मी आहे ना सांगायला."

"बरं," मामा म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ते रिकामी खुर्ची पुसत बसले. त्यांना वाईट वाटलं होतं. लेकीला आपली लाज वाटते की काय, हा प्रश्न त्यांनी मामींनाही विचारला नाही.

पाहुणे आले. व्याही उंच, शांत, खांद्यापर्यंत रुळणारे चंदेरी केस. विहीणबाई येता-जाता ते केस कौतुकाने सारखे करत होत्या. सगळे आतल्या खोलीत बसले. व्याही मामांकडे बघून हसले आणि प्रेमाने काहीतरी विचारलं. मामांनी तोंड उघडलं. हात रिकामे! आत सगळं होतं, फ्वे होतं, फुई होतं, लेकीचं सगळं लहानपण ओठांपर्यंत आलं होतं.

"थँक्यू," मामा म्हणाले.

लेक घाईघाईने भाषांतराला पुढे सरसावली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, उठले, व्याह्यांचा हात धरला आणि त्यांना थेट सलूनमध्ये नेऊन खुर्चीत बसवलं. गळ्याभोवती कापड बांधलं, कैची उचलली, आणि आरशातून व्याह्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

आणि मामा बोलू लागले! "मुलगी शाळेत फ्वे. एकटी फ्वे." लेकीच्या दिशेने बोट दाखवून पाठीवर दप्तर अडकवल्यासारखं केलं, दोन बोटांनी कंगव्यावर चालून दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, "मी मागे फुई," आणि दाराआड लपून दाखवलं. मग गालाला साबणाचा फेस फासला, गळ्यात कापड धरलं आणि मामा खोलीभर धावले, "गिऱ्हाईक माझ्या मागे फ्वे!"

व्याही खुर्चीत गदागदा हसू लागले. लेक, एकटी, ऐटीत पुढे. बाप लपतछपत मागे. आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेला माणूस, उरलेली अर्धी मागत! सगळी वरात एकाच क्रियापदावर शाळेच्या फाटकापर्यंत पोचली. मामा बोलत होते, कैची चालत होती.

लेक दारात येऊन उभी राहिली होती. ओरडायलाच आली होती, कारण सासऱ्यांचे चंदेरी केस जमिनीवर पडले होते आणि डोक्यावर जेमतेम खुंट उरले होते. पण गोष्ट कानावर पडली आणि ओरडणं राहूनच गेलं. लहानपणी शाळेत आपण एकटीने जायचो, असं तिने नवऱ्याला, सासूला, सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं.

विहीणबाईंनी नवऱ्याचं डोकं पाहून किंकाळी फोडली. व्याह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मामांना काहीतरी विचारलं.

"ते म्हणतायत," लेक कशीबशी बोलली, "मग पुढे काय झालं?"

मामांनी कैची उघडली, व्याह्यांचं डोकं सगळीकडून न्याहाळलं आणि हताश होऊन खाली ठेवली. पुढचं सांगायला एकही केस उरला नव्हता! मामा पुन्हा मुके झाले.

"बाबा," लेकीने विचारलं, "हे मला कधीच का नाही सांगितलंत?"

मामांनी मान खाली घातली. बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"तुझे केस," ते पुटपुटले, "तुझ्या आईने कधी कापू दिले मला?"

व्याही कापड झटकून उठले. लेकीने पाठीवरची वेणी सोडली, त्यांच्या जागी येऊन बसली आणि आरशातून बापाकडे पाहिलं. मामांनी कैची उचलली.

आतून मामींचा आवाज आला, "अहो, गोष्ट आखूडच सांगा हं!"