फुगलेल्या ओठांचं मौन

इंजेक्शननं ओठ भरून घेऊन बाई घरी आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या सूचना त्यांच्या कानांत घुमत होत्या. ओठ चोळायचे नाहीत, गरम काही प्यायचं नाही, बर्फ फडक्यात गुंडाळून अलगद टेकवायचा आणि तोंडाला शक्यतो विश्रांती द्यायची. शेवटची अट ऐकून बाईंचं अर्धं धैर्य तिथंच गळालं होतं. भाचीच्या लग्नात जरा उठून दिसावं म्हणून नवऱ्याच्या नकळत केलेला हा बेत. सूज उतरेपर्यंत ओढणीआड राहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

नवरा घड्याळजी. संध्याकाळी तो दुकानातून आला. नेहमी दारातच सुरू होणारी बायको आज गप्प!

"रागावलीस?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. घड्याळजींनी लगेच कबुलीच देऊन टाकली. "कळलं वाटतं तुला? अगं, तुझ्या आईचं घड्याळ दुरुस्त झालंय. फक्त ते आता उलटं चालतं."

हसू दाबताना बाईंचे खांदे गदगदले. ती रडतेय असं वाटून घड्याळजींनी घाबरून सासूबाईंनाच फोन लावला. त्या शेजारच्याच गल्लीतल्या. चपला धड न घालताच धावत आल्या.

"जावईबापू, काय केलंत माझ्या लेकीला?"

"काही नाही हो आई, ते घड्याळ..."

"कुठलं? माझं?"

आता दोघांची चांगलीच जुंपली. "दुरुस्तीला दिलं होतं, वाट लावायला नव्हे!" "आई, वेळ बरोबरच दाखवतं, फक्त आरशात बघायचं!" इथं मात्र बाईंचा बांध फुटला. त्या खो खो हसल्या आणि ओढणी घसरली.

"अगं बाई! मधमाशी चावली!" आई मलमाची डबी घेऊन धावली.

"चोळू नकोस!" बाई किंचाळल्या.

"बोलली!" घड्याळजी मटकन खाली बसले.

मधमाशीवर दोघांचा इतका विश्वास बसला, की बाईंनीही तो मोडला नाही.

आठवड्याभरानं सूज उतरली. ओठ हवे तसे भरदार, रेखीव झाले. बाई आरशासमोरून हलेनात. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून, त्यांची हनुवटी वर करून बारकाईनं पाहिलं.

"वा! काही फरकच नाही. अगदी पहिल्यासारखी दिसतेस."

बाईंनी एक खोल श्वास घेतला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"हां," घड्याळजी समाधानानं म्हणाले, "आता खरी बरी झालीस."