चांगल्या फ्रीजचा बिघाड

सोनियानं फ्रीजचं बटण बंद केलं, तेव्हा फ्रीज अगदी ठणठणीत होता. बिघडलं होतं ते तिच्या नवऱ्याच्या, सुदर्शनच्या कंपनीचं. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यातल्या ऑर्डरी आटल्या, ओव्हरटाइम बंद झाला, आठवड्यातले कामाचे सहा दिवस तीनवर आले आणि पगारानंही तोच रस्ता धरला. घरात काटकसर सुरू करायला याहून मोठं कारण लागत नाही. सोनियाची अडचण वेगळीच होती. काटकसर करायची होती, पण ती सासूला कळू द्यायची नव्हती.

सासू म्हणजे साळूबाई; सोनिया त्यांना आत्या म्हणायची. त्या पाचोडहून डोळे दाखवायला म्हणून आल्या आणि काचबिंदू निघाला. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, न चुकता. "चुकवाल तर नजर जाईल, आणि गेलेली नजर परत येत नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साळूबाईंचा स्वभाव मात्र असा, की पोराच्या घरी पैशाची ओढाताण आहे असं नुसतं कानावर आलं, तरी गाठोडं बांधून त्या पाचोडची एसटी पकडायच्या. मागं दाढ दुखत होती तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. दाढ गेली. डोळे तसे घालवून चालणार नव्हतं.

म्हणून घरातल्या प्रत्येक काटकसरीला एक सभ्य कारण जोडलं गेलं. संध्याकाळी एकच दिवा लागायचा, तो "जास्त उजेड डोळ्यांना वाईट" म्हणून. चहातली साखर "या वयात बरी नाही" म्हणून निम्मी झाली. कुकरची एक शिट्टी झाली की सोनिया तो उतरवून साळूबाईंच्या गोधडीत गुंडाळून ठेवायची. भात आतल्या आत शिजायचा आणि गॅस वाचायचा.

"माझ्या गोधडीला भाताचा वास कामून येतो गं?" साळूबाईंनी एकदा विचारलं.

"मोबाइलवर दाखवतात आत्या. असा भात लई मोकळा होतो."

सुदर्शनही या नाटकात होताच. काम नसलेल्या दिवशीसुद्धा तो डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडायचा आणि रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून जेवायचा. तिथल्या हमालांशी आता त्याची भाजीची देवाणघेवाण चालायची.

राहिला फ्रीज. त्याला काही सभ्य कारण सापडेना, म्हणून सोनियानं सरळ "बिघडलाय" असं सांगून टाकलं. पण डोळ्यांचं औषध गार ठेवावं लागायचं, आणि बाहेर ऊन तर असं, की नळाचं पाणी चहाला चालावं. मग औषधाची बाटली समोरच्या खोलीतल्या शमशादभाभींच्या फ्रीजमध्ये जाऊ लागली. संध्याकाळी सोनिया ती आणायची, साळूबाई भिंतीकडं तोंड करून "माझा डोळा मला ठाऊक" म्हणत स्वतःच थेंब टाकायच्या आणि बाटली परत जायची. इकडं बंद फ्रीजमध्ये पापड, ज्वारीचं पीठ आणि सुदर्शनचे इस्त्री केलेले शर्ट मुक्कामाला आले. पिठाला मुंग्या लागेनात. सोनियाला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं.

खोटं बोलायचं तर शेजारी जरा वाईट असलेले बरे. शमशादभाभी फार चांगल्या होत्या.

"अगं, हमारा वासिफ है ना! माझा देवर. फ्रीजचंच काम करतो. कल भेजती मैं."

"नको भाभी, आमचा नेहमीचा कारागीर हाय. गावाला गेलाय तो."

पुढच्या आठवड्यात भाभींनी विचारलं, तेव्हा त्या कारागिराच्या घरी लग्न निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला टायफॉइड झाला. भाभींनी त्या न जन्मलेल्या कारागिरासाठी मनापासून दुआ केली आणि वासिफला धाडून दिलं.

वासिफ हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "पैसे नको भाभी, नुसता बघतो," म्हणत तो थेट फ्रीजकडंच गेला. सोनिया आडवी येईपर्यंत त्यानं दार उघडलंही होतं. आत शर्टांची चळत, तिच्या शेजारी पीठ, वर पापड. त्यानं वायर तपासली आणि बटण दाबलं. फ्रीज एकदम घुरघुरायला लागला. आतला दिवा लागला आणि ज्वारीचं पीठ लख्ख दिसलं.

पलीकडच्या पलंगावरून साळूबाई ओरडल्या, "आवाज आला गं! झाला का चालू?"

धरणीनं पोटात घ्यावं, असं सोनियाला झालं. वासिफनं शर्टांकडं पाहिलं, गोधडीतून वाफ सोडणाऱ्या कुकरकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. त्याच्या दुकानातही हल्ली गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. त्याला फारसं सांगावं लागलं नाही. त्यानं बटण बंद केलं.

"नाय अम्मा," तो मोठ्यानं म्हणाला, "नुसता आवाज हाय. गॅस निकल गया. पार्ट मागवावा लागंल."

"किती दिस लागतील रे बाबा?"

वासिफ सोनियाकडं वळला आणि हळूच म्हणाला, "किती सांगू, भाभी?"

"दोन-तीन महिने," सोनिया खाली बघत पुटपुटली.

"तीन महिने, अम्मा!"

तो निघून गेला आणि सोनिया स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उगाच भांडी लावत राहिली. परक्या माणसानं अशी अब्रू झाकली की रडावं की हसावं, ते कळत नाही.

संध्याकाळी शमशादभाभी स्वतःच बाटली घेऊन आल्या. फ्रीजचं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. सोनियाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बुरा मत मान. माझ्या अम्मीला हेच औषध होतं. फोडलेली बाटली महिन्यात संपते, उरली तरी फेकायला लावतात. ही तू पाडव्याच्या आधी आणली. आता आखाजी झाली, महिना कधीच उलटला. अजून इतकी कशी उरली?"

बाटली पुरतेय म्हणून इतके दिवस ती खूश होती. चांगल्या कंपनीची असेल, असं ती धरून चालली होती. ती तशीच साळूबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, थेंब रोज टाकता ना?"

"टाकते की."

"दोन्ही डोळ्यांत?"

साळूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एक दिस ह्या डोळ्यात, एक दिस त्या."

"कामून?"

"समदे काय ना काय वाचवायलेत. माझ्यापाशी वाचवायला दुसरं काय होतं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? कंपनीतून आलेल्या माणसाच्या अंगाला तेलाचा वास येतो. सुदर्शनला तीन दिस येतो, तीन दिस येत नाय. मला दिसायला कमी झालं, नाक शाबूत हाय." मग त्या म्हणाल्या, "मी जाते पाचोडला. तेवढाच तुमचा भार हलका."

लग्न झाल्यापासून सोनियानं सासूपुढं आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"जा की! पण एसटीची पाटी दोन्ही डोळ्यांनी वाचायची आन् मगच चढायचं. तोवर उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाय!"

तेवढ्यात सुदर्शन स्टेशनवरून डबा घेऊन कामावरून आल्यासारखा आत आला. त्याला पाणीसुद्धा न देता सोनियानं नव्या बाटलीसाठी परत पिटाळलं आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडं जायचं, हेही सुनावलं. मग तिनं पीठ, पापड, शर्ट सगळं बाहेर काढून पलंगावर टाकलं आणि खटकन फ्रीज चालू केला.

"अगं, पार्टाला तीन महिने लागणार होते ना?" साळूबाई म्हणाल्या.

"आला," सोनिया म्हणाली.

नवी बाटली आल्यावर तिनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं. खालची पापणी ओढून एका डोळ्यात थेंब टाकला, मग दुसऱ्यात. साळूबाईंनी डोळे घट्ट मिटले. जरा वेळानं त्यांच्या गालावरून पाण्याचा ओघळ गेला.

"रडू नका आत्या," सोनिया म्हणाली, "औषध वाहून जातं. लई महाग हाय ते."

"मी कुठं रडते? वरून तुझंच पडायलंय."

सोनियानं घाईघाईनं तोंड बाजूला केलं. साळूबाईंनी डोळे न उघडताच तिचा हात चाचपून धरला.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "ते फुकट हाय."