वासुदेवरावांची वीजपाळी

वाटप कसं करायचं, हे वासुदेवरावांना शिकवायची हिंमत अख्ख्या अड्याळमध्ये कुणाची नव्हती! तीस वर्षं ते गावच्या तलावाचे पाणकर. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, किती वेळ पाणी सोडायचं, हे त्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी कुरकुरायचं. आता उतारवयात ते तांदळाच्या गोदामात देखरेखीला होते, आणि तिथे नुकत्याच पाच गाड्या आल्या होत्या. ड्रायव्हर नाही, स्टिअरिंग नाही; पोती पाठीवर घेऊन आपल्या आपण फिरणाऱ्या! पाचांत मिळून चार्जिंगची जागा मात्र एकच.

पहिल्याच सकाळी वासुदेवरावांना ते खुपलं. एक नंबरची गाडी चार्जिंगला लागली, जेमतेम अर्धी भरली, आणि तीन नंबर येताच मुकाट्याने उठून गेली!

"अन्याव!" ते कडाडले. "अर्ध्या पोटी उठवते का कोणी?"

"काका, त्या आपसातच ठरवतात," गाड्या सांभाळणारी रुचिता म्हणाली. "जिले जास्त गरज, तिले आधी. तुम्ही आज फक्त पाहा. तीन वाजेपर्यंत शाळांच्या तांदळाचा ट्रक गेला नाई, तर मालक गाड्या परत धाडन. माही नोकरीही गेली समजा!"

"पोरी, तलाव सांभाळला म्या! या पाच डब्यायचं काय घेऊन बसली?"

रुचिता ट्रकचे कागद करायला ऑफिसात गेली आणि वासुदेवरावांनी पाळी बसवली. नंबरवार! एक नंबर पुन्हा चार्जिंगला आली, तशी पोट गच्च भरेपर्यंत तिने उठू नये म्हणून त्यांनी तिच्यापुढे पोत्यांचा बांधच घातला.

बाकीच्या एकेक करून येत, बांध बघत, घुटमळत आणि परत कामाला जात.

"थांबा! पाळी येईन!" वासुदेवराव त्यांना दटावत होते.

दीड वाजता चार नंबरचा जीव गेला. तोही कुठे, तर पाठीवर आठ पोती घेऊन, ट्रकच्या ऐन दारात! तिघा हमालांनी ढकललं, तरी ती जागची हलेना. मागे बाकीच्या अडकल्या, पुढे ट्रकवाला हॉर्न बडवत बसला.

रुचिता धावत आली. "काका, हे पोते कोणं लावले?"

"म्या... जरा शिस्त..."

"काढा आधी!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वासुदेवराव शरमेने अर्धे झाले. साठी उलटलेल्या त्या माणसाने सगळी पोती एकट्याने उपसली.

एक नंबर सुटली. पोट भरलेलं, आता ती आपल्या कामाला जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण ती सरळ चार नंबरकडे गेली, तिच्या नाकाला नाक लावलं आणि उभी राहिली. थोड्या वेळाने चार नंबरच्या कपाळावर बारीक हिरवा दिवा लागला!

"आपली वीज देऊन राहिली तिले," रुचिता हळूच म्हणाली.

वासुदेवरावांनी डोक्यावरची टोपी काढली. तीस वर्षांत त्यांनी पाण्यापायी डोकी फुटताना पाहिली होती, सख्खे भाऊ ठाण्यात गेलेले पाहिले होते. पण आपल्या हाताने आपला बांध फोडून शेजाऱ्याच्या बांधीत पाणी सोडणारा माईचा लाल एकही पाहिला नव्हता! आणि इथे ना नातं, ना गोतं. त्यांना भरून आलं.

"इकडं देव हाय बापा," ते पुटपुटले.

तीनला पाच कमी असताना ट्रक गेला.

संध्याकाळी रुचिता दिवसभराची नोंद लिहीत होती. वासुदेवराव हळूच जवळ सरकले. "पोरी, माह्यं नाव तं नाई न लिवलं?"

"नाव नाई लिहिलं, काका." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

'बिघाड: एक. उपाय: उद्यापासून बसायला खुर्ची देणे.'