दोर बांधेपर्यंत उठू नये

"तू कोण रे मला खाली बसवणारा? तू स्वतःच उभा आहेस!"

हे मला १४-सी वाले साहेब म्हणाले. विमान नुकतंच मुंबईच्या जमिनीला टेकून धावत होतं, पट्ट्याचा दिवा डोक्यावर चालू होता आणि साहेब मधल्या वाटेत उभे राहून वरच्या कप्प्यातनं बॅग ओढत होते. मीपण उभा होतो. म्हणजे साहेबांचा मुद्दा बरोबर होता. माझी अडचण एवढीच की डोकं तापलं की मला बरोबर मुद्दे ऐकू येत नायत.

विमान प्रवासाने माणसाला शिस्त लागते, हे आता सगळ्यांनी मान्य केलंय. जो माणूस एस.टी.च्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतो, तोच माणूस विमानात स्वतःचा नंबर लिहिलेल्या, दुसऱ्या कोणाला मिळूच शकत नाय अशा जागेसाठी अर्धा तास आधी रांगेत उभा राहतो. रुमाल घडी करून खिशात. याला प्रगती म्हणतात.

आता आमची नऊ माणसं या प्रगतीत कशी शिरली ते सांगतो. माझी मोठी बहीण राही विमानात नोकरी करते. बंदरावर सगळे म्हणतात, "चाय देते विमानात." सहा महिने ती चाचणीवर होती. चाचणीत पास झाली तर पक्की, आणि एकजरी तक्रार अंगावर राहिली तर परत रत्नागिरी. सहा महिने संपायला चार दिवस उरले असताना तिला घरच्यांसाठी सवलतीत तिकिटं मिळाली. शहाण्या माणसाने अशी तिकिटं फाडून टाकली असती. राहीने आम्हाला बोलावलं. तिला वाटलं, बघू देत एकदा, म्हणजे चायचं बोलणं बंद होईल.

रस्ता असा. रत्नागिरीहून मुंबईला जायचं म्हणून आम्ही जीप करून पाच तास उलट गोव्याकडं गेलो. तिथं तीन तास बसलो. मग विमानाने तासाभरात मुंबईला, तेपण रत्नागिरीवरनंच. गुणवंती आत्या सगळ्यांना सांगत होती, "एका तासात मुंबई!" बाकीचे आठ तास हिशोबात धरत नायत. विमानाने जाणारा कोणीच धरत नाय.

राहीने मला आदल्या दिवशी फोन केला. "सूरज, ह्यांच्यावर नजर ठेव. फेरीत आमच्या हेतल मॅडम असणार, माझा शेवटचा अहवाल त्या लिहिणार. कोणी काय केलं तर तू सांग, मी नाय सांगू शकत. मी तिथं हसत असणार." आणि तिने नियमांची यादी पाठवली. शाळा सोडल्यापासनं मला कोणी एवढं वाचायला दिलं नव्हतं. घंटी चहासाठी वाजवू नये. (आत्याने अकरा वेळा वाजवली. पहिली चुकून, बाकीच्या ती चालते काय बघायला.) पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठू नये. खिडकीतनं बाहेर काही टाकायचा प्रयत्न करू नये. विमान पूर्ण थांबून दिवा विझेपर्यंत जागेवरनं उठू नये. या शेवटच्या कलमाखाली तिने तीन रेघा मारल्या होत्या. चालत्या विमानात माणूस उभा राहिला आणि आपटला, तर जखम माणसाला आणि शेरा राहीला, अशी ती पद्धत.

मी घरच्यांची चावडी भरवून हे वाचून दाखवलं. शेवटचं कलम दाजींना एकदम पटलं. दाजी म्हणजे आमचे आजोबा, सगळं बंदर त्यांना दाजीच म्हणतं. चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमात. दाजी म्हणाले, "ह्यात नवीन काय सांगतंस? दोर बांधल्याबिगर उठायचं नाय. बोट धक्क्याला लागते तवाच मानसं पान्यात पडतात, खोल दर्यात कोन पडत नाय."

घोळ तिथंच झाला. दाजींना ते विमान आहे हे शेवटपर्यंत पटलं नाय. त्यांच्या मते ती बोटच, जरा उंचावरनं जाणारी.

आत शिरल्याशिरल्या दाजी वाटेत थांबले आणि दोन्ही अंगाला नजर टाकली. उजवीकडं ओळीने चार दणदणीत माणसं बसलेली, डावीकडं कॉलेजच्या बारीक पोरी. दाजींचा चेहरा गंभीर झाला. माझ्या पाठी रांग खोळंबलेली.

"ओ दादा," दाजी त्यातल्या एकाला म्हणाले, "तुमी ह्या अंगाला या. आनि तू गो बाय, तिकडं बस."

"का?" तो माणूस म्हणाला.

"कलंडंल."

दाजी जे बोलतात ते चाळीस वर्षांच्या आवाजात बोलतात. तो माणूस उठला. पोरगी उठली. दोन मिनिटांत दाजींनी सात जणांची वजनं वाटून टाकली. आठवा मात्र अडला, कारण त्याने खिडकीची जागा खास मागून घेतली होती. हेतल मॅडम धावत आल्या. पाठीमागं राही, चेहऱ्यावर ते हसू.

"आजोबा, आम्ही वजनाचा हिशोब कॉम्प्युटरवर करतो," मॅडम म्हणाल्या.

"कॉम्प्युटर कदी बसलाय बोटीत?" दाजींनी विचारलं.

मॅडमनी वही उघडली. वहीत काहीतरी लिहिलं. राही मला बघून हसली. तसं हसू मी घरात कधी बघितलं नव्हतं. घरी ती एवढी चिडली की चप्पल काढते.

मी दाजींना दंडाला धरून बसवलं. सातही जणं आपापल्या जागी परत गेली. नंतर विमान उडताना उजव्या बाजूला जरा झुकलं, तेव्हा दाजींनी अख्ख्या विमानाकडं वळून बघितलं.

वर पोचल्यावर आत्याने डबा उघडला. आंबोळ्या आणि सुकटीची चटणी. वास पाच ओळी पुढं आणि दहा ओळी पाठी गेला. तीन जणांनी नाकाला रुमाल लावले, चौथ्याने उठून विचारलं, सुकट कुठची. आत्याने त्याला वाढलं. मग रुमालवाल्यांपैकी एकाला वाढलं. सदर घटनेची तक्रार झाली नाय, कारण तक्रार करणाऱ्यांची तोंडं भरलेली होती.

मग रत्नागिरी आली. माझा चुलतभाऊ रितेश घराच्या गच्चीवर लाल चादर फडकवत उभा राहणार होता, असं ठरलेलं. आमची सगळी डावीकडं खिडक्यांवर पडणार तेवढ्यात दाजी ओरडले, "एका अंगाला नको! दोगं दोगं जा!" म्हणून आमच्या घरच्यांनी दोघादोघांच्या पाळ्या लावून आपलं घर बघितलं. खाली नुसते ढग होते. प्रत्येक जोडी परत येऊन म्हणाली, "दिसली चादर." आईने तर रितेशने शर्ट कुठला घातलाय तेपण सांगितलं.

इथपर्यंत हेतल मॅडमच्या वहीत आमच्या नावावर एक ओळ होती. एका ओळीने नोकरी जात नाय, असं राहीने पाण्याचा ग्लास देताना ओठ न हलवता मला सांगितलं. "आता फक्त उतरताना बसून राहा. तेवढं करा."

तेवढं आम्ही केलं.

चाक टेकलं. लगेच पट्टे सुटल्याचे आवाज आले, टक टक टक, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. आम्ही नऊ आणि बाकीचे एकशे एकाहत्तर, असे एकशे ऐंशी प्रवासी होते. त्या एकशे एकाहत्तरांत एकशे पन्नास उभे. उरलेले एकवीस खिडकीकडचे, त्यांना उभं राहायला जागा नव्हती म्हणून मान वाकडी करून अर्धे उभे. नियमाप्रमाणे बसलेली माणसं नऊ. एकालाही विमानाचा अनुभव नाय, सगळी पहिल्यांदा आलेली.

राही पुढच्या खुर्चीत स्वतः पट्ट्याने बांधलेली. माईकवर सांगत होती, "कृपया बसून राहा." मग हिंदीत. मग इंग्रजीत. तीन भाषांत कोणी बसलं नाय. तिच्या बाजूला हेतल मॅडम वहीत लिहीत होत्या, आणि राहीचं हसू तिथल्या तिथं होतं, पण गळ्याची शीर उडत होती. ती मी सहाव्या ओळीतनं बघितली.

दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "दोर कुटं बांधलाय अजून? ही मानसं पडतील."

तेव्हा मी पट्टा सोडला. कारण उभ्या माणसाला खाली बसवायचं तर बसून कसं बसवणार? त्याला तुम्ही दिसतच नाय. मी उठून पाठी गेलो. एक एक ओळ. "बसा काका. बसा मॅडम. चाक फिरतंय अजून." पाच-सहा जणं बसलीपण, आणि मी पुढं गेलो तशी परत उठली. आणि १४-सी वाले साहेब म्हणाले ते मी सुरुवातीलाच सांगितलंय. त्यावर मी काय म्हणालो ते इथं लिहीत नाय. वय कितीही असलं तरी ते शब्द मोठ्या माणसाला बोलायचे नसतात, आणि साहेब निदान पंचावन्नचे होते.

"कोणाचा पोरगा आहे हा?" साहेब ओरडले.

"माझा," आई बसल्या जागेवरनं म्हणाली. पट्टा बांधलेला. "आनि ती पुढं बसलीय ना, ती पन माझी."

झालं. साहेबांना पायजे ते मिळालं.

विमान थांबलं, दिवा विझला आणि मग चौदा मिनिटं दरवाजाच उघडला नाय. एकशे पन्नास माणसं बॅगा छातीशी धरून एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभी राहिली. आमची माणसं बसलेली. आत्याने उरलेली आंबोळी खाल्ली.

बाहेर हेतल मॅडमनी मला एका टेबलापाशी नेलं. त्यांच्यापुढं छापील फॉर्म होता. साहेबांनी तक्रार दिली होती: कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाने अरेरावी केली. मॅडम बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "बघ सूरज. उभ्या राहिलेल्या प्रवाशांचा रकाना यात नाही. तो दर फेरीला भरावा लागेल, म्हणून काढून टाकला. चाकं फिरताना उभं राहून दुसऱ्याला त्रास दिला, असा रकाना आहे. त्यात तू एकटा बसतोस."

"आणि राही?"

"तक्रार उघडी राहिली तर तिचं पत्र निघणार नाही. दोन रस्ते आहेत. एखाद्या प्रवाशाने दोन ओळी लिहून द्याव्यात की लोक उभे होते आणि तू फक्त बसायला सांगत होतास. नाहीतर तू माफीनामा लिही, साहेब तक्रार मागे घेतील."

दोन ओळी! मला वाटलं, एकशे एकाहत्तर माणसं आहेत, एक तर देईल. मी धावत सामानाच्या पट्ट्याकडं गेलो. सगळी तिथंच होती. एवढ्या घाईने उतरलेली सगळी माणसं बंद पट्ट्याभोवती उभी होती, आणि पट्टा पंचवीस मिनिटं हलला नाय. दाजीपण तिथं आले होते. त्यांनी १४-सी वाल्या साहेबांना अगदी मनापासनं विचारलं, "साहेब, कुटं पोचायचं व्हतं?"

साहेब म्हणाले, "इथेच."

दाजींनी बंद पट्ट्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, मान हलवली. त्यांना उत्तर पटलं असावं.

मी बावीस जणांना विचारलं. नऊ जणं म्हणाली, आम्ही काय बघितलं नाय, आम्ही पाठी होतो. सहा म्हणाली, पुढं होतो. दोघांनी इंग्रजीत बोलून वाट काढली. ज्याने आत्याची चटणी खाल्ली होती, तो म्हणाला, "पोरा, तुझं बरोबर होतं, पण लिहून नको." तिघांनी फोन कानाला लावला. फोन लागलेले नव्हते, चेहऱ्यावरनं कळतं.

मग मी माफीनामा लिहिला. तो असा: मी, उपरोक्त प्रवासी, दिवा चालू असताना इतर प्रवाशांना खाली बसण्यास सांगितले. याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे मी कोणासही खाली बसण्यास सांगणार नाही. साहेबांनी वाचून "मोठ्या माणसांना" हे दोन शब्द वाढवायला लावले. माझं डोकं परत तापलं. राही खांबापाशी उभी होती. हसू नव्हतं. बघत होती, मी पेन ठेवतो की काय.

मी शब्द वाढवले.

ती जवळ आली, कागद बघितला आणि म्हणाली, "सही नीट कर. वाचता येत नाय तुझी." आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. टपली मारून हात तिथंच ठेवला जरा वेळ.

राही पक्की झाली. पत्र शुक्रवारी निघालं. तिला पक्क्या लोकांचं प्रशिक्षणपण मिळालं, आणि आता माणसं उठली की ती माईकवर एकदाच सांगते आणि खिडकीबाहेर बघते.

आता तो बाविसावा माणूस. एकवीस जणांचा हिशोब मी दिला, बाविसावा मुद्दाम शेवटी ठेवला. राखाडी बॅग, हँडलला लाल रिबीन. मी विचारलं, "दोन ओळी द्याल काय लिहून? बहिणीची नोकरी हाय." त्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं. इतकं शांत कोणीच ऐकलं नव्हतं. मला वाटलं, हा देणार. मग बॅग आली आणि तुम्ही ती उचलून निघून गेलात. जाताना माझ्याकडं बघून हसलात. आत्ता हे वाचताना हसत होतात ना, तसंच.

चला, मला निघायला पायजे. भरती लागलीय आणि दाजी धक्क्यावरनं शिव्या घालतायत.